शिकणाऱ्या पोराची मजुरी

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस खरेदीवर मघाशी बोलून झाले. आता मी जो विषय काढणार आहे तो तुम्हाला बैठकीतला वाटणार नाही, घरातला वाटेल. गेले काही महिने ज्या ज्या गावी जातो तिथे बैठक संपली, लोक चपला घालायला लागले, की कुणीतरी मला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, पोरगं जिल्ह्याच्या कॉलेजात आहे. संध्याकाळचं एका दुकानात काम लागतंय म्हणतं. करू देऊ का? अभ्यास तर बुडणार नाही?"

कापसाचा भाव माणूस चारचौघांत मोठ्याने विचारतो. हे मात्र कानात विचारतो. कारण लाज वाटते. शिकणारा पोरगा कामाला लागला म्हणजे बापाची ऐपत संपली, अशी गावात समजूत आहे. त्याच गावातल्या एखाद्या बड्या घरचा मुलगा अमेरिकेत शिकायला जातो, तिथे कॉलेजच्या खानावळीत ताटे विसळतो, आणि त्याचा बाप ते पारावर बसून अभिमानाने सांगतो. आपल्या पोराने जिल्ह्याच्या गावी हॉटेलात गल्ल्यावर बसून हिशेब लिहिला, तर सोयरीक पाहायला आलेला माणूस पाणी पिऊन परत जातो. म्हणून म्हटले, हे एकदा उघड्यावर बोलून घेऊ.

मी आधीच सांगून टाकतो, माझे मत करू द्यावे असे आहे. पण त्याला अटी आहेत आणि त्या बारीक नाहीत. आणि त्याच्या आधी एक गोष्ट साफ करायला हवी. "पोराने शिकताना काम करावे का" हा प्रश्न आपल्या घरात मुळात चुकीचा विचारला जातो. शहरातल्या नोकरदाराचा मुलगा शिकतो तेव्हा तो खरोखर फक्त शिकतो. आपला पोरगा सातवीपासून काम करतोच आहे. फक्त त्याचे नाव काम नाही आणि त्याचा दाम कुणी मोजलेला नाही.

वर्ष डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये टोबणीला माणूस कमी पडतो, कॉलेज नुकतेच सुरू झालेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, डवरणी, खताचा डोस. मग फवारण्या. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी, आणि दुसरी वेचणी येते तेव्हा विद्यापीठाची हिवाळी परीक्षा तोंडावर असते. इकडे मराठवाड्याकडच्या भावांना रब्बीची ज्वारी असते. ती काढायला येते फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे नेमकी बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत. ज्वारी उपटायला आज मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग निरोप जातो, "शनिवारी-रविवारी येऊन जा." पोरगं शनिवारी दुपारच्या एसटीने येते, रविवारभर वावरात राबते आणि सोमवारी सकाळच्या गाडीने अर्धवट झोपेत वर्गात जाऊन बसते. याला आपण अर्धवेळ नोकरी म्हणत नाही. घरची मदत म्हणतो.

या मदतीचा दाम मात्र दिल्लीत मोजलेला आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा बियाणे, खत, औषध, रोजंदारी असा प्रत्यक्ष पदरचा खर्च आधी मांडतो. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की त्याला 'ए-२ अधिक एफएल' म्हणतात. त्यातले एफएल म्हणजे घरचे राबणे. हमीभाव त्या आकड्याच्या दीडपट देतो असे सरकार सांगते. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरून जो मोठा खर्च निघतो, सी-२, त्याच्या दीडपट देत नाही. ते भांडण आपले जुने आहे, आज ते नको. आज एवढेच ध्यानात घ्या की तुमच्या पोराची रविवारची मजुरी कागदावर धरलेली आहे. कागदावर आहे आणि पोराच्या खिशात नाही.

आता हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला होता. आयोगाने धरलेला खर्च, घरची मजुरी धरून, ५,१४० रुपये. समजा तुमच्याकडे तीन एकर कोरडवाहू पऱ्हाटी आहे आणि पाऊसपाणी बरे होऊन एकरी पाच क्विंटल पिकले. पंधरा क्विंटल झाले. सगळा माल पूर्ण हमीभावाने गेला असे धरू, ओलाव्याची कटाई नाही, व्यापाऱ्याची अडवणूक नाही. तुम्ही हसता आहात, पण हिशेबापुरते धरा. १,१५,६५० रुपये आले. खर्च ७७,१०० वजा केला, राहिले ३८,५५०. त्या खर्चात घरची मजुरी आहे, म्हणजे त्यातला काही पैसा घरातच राहतो हे खरे. पण वर्षभराचे तेल-मीठ, दवाखाना, लग्नकार्य त्याच्यावरच चालते.

जिल्ह्याच्या गावी पोरगा ठेवला की खोलीचा वाटा अडीच हजार आणि मेसचे दोन वेळचे तीन हजार धरा. महिन्याला साडेपाच हजार, दहा महिन्यांचे ५५,००० रुपये. फी, पुस्तके, मोबाईल, जाणे-येणे यात अजून आलेच नाही. तीन एकरांतला सगळा वाढावा दिला तरी साडेसोळा हजार कमी पडतात. हे एका पोराचे. धाकटी बारावीला असेल तर तिचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. तिचे शिक्षण तिथे थांबते आणि आपण म्हणतो, "तिलाच आवड नव्हती."

म्हणून बापाने ऐपतीचा प्रश्न मनाला लावून घेऊ नये. तूट मालाच्या भावात आहे. त्यात त्याची इज्जत गेली असे काही नाही. आणि तूट भावातली आहे म्हणूनच पोराची कमाई ही त्या तुटीवरची कायमची मलमपट्टी होऊ देऊ नका.

इथे कुणीतरी म्हणेलच, कर्मवीरांची मुले नव्हती का कमवून शिकली? जरूर शिकली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. पोरे स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातले. १९४७ ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघाले, तिथेही 'कमवा आणि शिका' हाच पाया. पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेला आजही भाऊरावांचे नाव आहे.

पण हे नाव घेऊन जे लोक आपल्याला "तुमच्या पोरांनी कष्ट करावेत, सवलती कशाला मागता" असे ऐकवतात, त्यांना एक गोष्ट विचारा. साताऱ्याच्या पोराने कुणासाठी काम केले? ज्या वावरात तो राबला त्याचे धान्य त्याच्याच ताटात येत होते. काम संस्थेचे, आणि संस्था त्याची. अभ्यासाची वेळ कोणती आणि कामाची कोणती हे त्याला शिकवणाराच ठरवत होता. आज पोरगा ज्याच्या दुकानात उभा राहतो त्या मालकाला त्याच्या परीक्षेशी देणेघेणे नाही. दिवाळीत गिऱ्हाईक जास्त, म्हणून मालक त्याला दिवाळीत जास्त थांबवणार. या दोन गोष्टींना एकच नाव देता येत नाही. भाऊरावांनी फी माफ करून, राहायची सोय करून मग काम दिले. आधी फी वाढवायची, वसतिगृहे पडकी ठेवायची आणि मग कष्टाचे धडे द्यायचे, हे त्यांच्या नावाने कुणी करू नये.

तेव्हा पहिली अट अशी की कामाच्या आधी हक्काचे घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज, सरकारी वसतिगृहाचा अर्ज, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने असलेला वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना. मुलींना तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि मराठा समाजाच्या मुलींसाठी हा निर्णय आहे. आपल्यातले किती बाप हे माहीत नसल्यामुळे फीसाठी व्याजाने पैसे काढतात. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही, बँक खाते आधारला जोडले नाही, एवढ्या कारणाने वर्षाचे पैसे जातात. एक दिवस तहसीलला घातला तर महिनाभराची मजुरी वाचते, हे पोराला सांगा.

दुसरे तासांचे. याला माप लागते. अमेरिकेत शिकायला गेलेल्या परदेशी मुलाला तिथला कायदा शिक्षण चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करू देत नाही, आणि तेही साधारण कॉलेजच्या आवारातच. ज्या देशाला कामाचे एवढे कौतुक आहे त्याने ही मर्यादा घातली, काही विचारानेच घातली असेल. आपल्या पोराला मी रोजचे तीन तास म्हणतो. रात्रपाळी नको. पेट्रोल पंपावर रात्रभर उभा राहणारा पोरगा सकाळी वर्गात फक्त देहाने असतो. आपल्या कॉलेजांत ७५ टक्के हजेरीची अट आहे, ती गेली की परीक्षेचा अर्ज अडतो आणि शिष्यवृत्तीही धोक्यात येते.

आता तीन तासांत मिळते काय? २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागा, तासाला ३९ झाले. महिन्याला २६ दिवस, रोज तीन तास, म्हणजे ७८ तास. ३९ ने ३,०४२ रुपये. मेसचे तीन हजार निघाले. हा आकडा पोराच्या वहीवर लिहून ठेवा. बारावी झालेल्या पोराला जो दुकानदार तासाला ३९ सुद्धा देत नाही, तो त्याला माती खोदणाऱ्याच्या खाली मोजतो आहे. "शिकायला मिळते ना" असे म्हणणारे मालक भेटतात. काय शिकायला मिळते ते त्यांना विचारावे. कपडे घडी करायला आपल्या पोराला त्याची आई शिकवते.

काम कोणते, हे मी पगाराइतकेच महत्त्वाचे मानतो. कॉलेजच्या ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात कमवा-शिकाचे काम मिळाले तर डोळे झाकून घ्यावे, जायला-यायला वेळ जात नाही. काही ठिकाणी त्याचे पैसे चार-चार महिने रखडतात, त्याबद्दल शेवटी बोलतो. वाणिज्य शाखेच्या पोराने कर सल्लागाराकडे वह्या लिहाव्यात. विज्ञानाच्या पोराने माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत जावे. मोटर-पंप बांधणाऱ्याच्या हाताखाली बसावे. आणि मला वाटते आपल्या चार-दोन पोरांनी जिनिंगमध्ये काट्यावर काम केले पाहिजे. ओलावा कसा मोजतात, धाग्याची लांबी कशी पाहतात, उतारा किती धरतात, सरकीचा भाव कापसाच्या भावात कुठे बसतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हंगामभर तिथे उभा राहिलेला पोरगा पुढच्या वर्षी बापाची गाडी घेऊन येईल तेव्हा त्याला कुणी गंडवू शकणार नाही.

मोटारसायकलवरून घरोघर जेवण आणि सामान पोचवण्याच्या कामाबद्दल मात्र मी सावध करतो. पैसे रोज मिळतात म्हणून पोरांना ते आवडते. पण गाडी कुणाची, पेट्रोल कुणाचे, पडला तर दवाखाना कुणाचा, हे धरून हिशेब करा. बहुतेकदा गाडी हप्त्यावर घेतलेली असते. मग कामावर जायला गाडी लागते आणि गाडीचा हप्ता भरायला काम लागते, आणि कॉलेज मधल्यामध्ये सुटते. तीन तासांचे सात तास कधी झाले ते त्यालाही कळत नाही.

दोन गोष्टींपासून तर दूरच राहा. कामावर घेण्याआधी अनामत मागणारा, आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा. मूळ कागद कुणाच्याही कपाटात देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि "तू चार जण आण, ते चार-चार आणतील" असे सांगून पावडरी-साबण विकायला लावणारी जी साखळी कॉलेजांतून फिरते, ती नोकरी नव्हे. तिच्यात पोरगा आधी तुमचे पैसे घालतो आणि मग मामाचे.

आता मुलींचे. इथे बसलेल्या बहिणींनी मला थांबवले तरी चालेल. शहरात राहणाऱ्या पोराने काम करावे का यावर आपण एवढा वेळ बोलतो, पण गावातून रोज एसटीने जाणाऱ्या पोरीचा दिवस कुणी मोजत नाही. पहाटे उठून पाणी, भाकरी, मग सात-साडेसातची गाडी, दुपारी परत, वेचणी चालू असेल तर थेट वावरात, संध्याकाळी पुन्हा चूल. तिला अर्धवेळ कामाची परवानगी विचारायची सोय नाही, कारण तिचे काम पूर्णवेळ आहे. वेचणीला गावात बाईला किलोवर पैसे मिळतात. घरच्या पोरीने चाळीस किलो वेचला तर तो फुकट. माझे म्हणणे साधे आहे. घरच्या वावरात शिकणाऱ्या पोरा-पोरीने केलेले काम वहीत लिहा, गावात जो दर असेल त्या दराने, आणि हंगाम संपला, उलंगवाडी झाली की ते पैसे तिच्या खात्यावर टाका. पूर्ण जमत नसतील तर निम्मे टाका, पण लिहा पूर्ण. त्यात तिची पुढच्या वर्षाची पुस्तके आणि पास निघेल. आणि तिचे शिक्षण कुणी बंद करायला निघाला तर तिला वही दाखवता येईल, की यातले इतके मी घातले आहेत.

फवारणीवर पोरांना, निदान अकरावी-बारावीच्या कोवळ्या पोरांना, पाठवू नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. घरचे काम म्हणून ते सुरक्षित होत नाही. उलट परक्याच्या कामावर माणूस हातमोजे मागतो, घरच्या वावरात मागत नाही.

कमावलेला पैसा कुणाचा, हा खरा अवघड भाग आहे. पोराला पहिले तीन हजार मिळाले की घरून फोन जातो. युरियाचे पोते आणायचे आहे, सोसायटीचे व्याज भरायचे आहे. बापाचाही नाइलाज असतो. पण असे दोनदा झाले की पोरगा समजतो, आपले शिकणे थांबले तरी चालेल, कमावणे थांबून चालणार नाही. कॉलेज सुटते ते असे, कुणी सोडवत नाही. म्हणून घरात आधी ठरवा की त्याची कमाई त्याच्या मेसला आणि पुस्तकांना. तेवढे पैसे तुम्हाला पाठवावे लागले नाहीत, हीच तुमची मदत झाली. कर्जाचा डोंगर वीस वर्षांच्या पोराच्या सायंकाळच्या मजुरीने उतरत नाही, तो उतरवायला आपण वेगळ्या बैठका घेतो आहोत.

उलट बाजूही आहे. "आमचा पोरगा फक्त अभ्यास करतो" असे सांगणारे बाप मला तितकेच काळजीचे वाटतात. पुण्यात पेठांतल्या अभ्यासिकांत आपल्या भागातली हजारो पोरे स्पर्धा परीक्षेला बसलेली आहेत. जागा काही शे, अर्ज लाखांनी. चार वर्षे, सहा वर्षे जातात, वय अठ्ठावीस-तीस होते. इकडे एकर-दीड एकर विकले गेलेले असते. परीक्षा देऊ नये असे मी म्हणत नाही. पण ज्याने कधी कुठे तीन महिने पगार घेऊन काम केलेले नाही, त्याला तिसाव्या वर्षी परीक्षा सुटल्यावर दारात उभे कोण करणार? वावरात तर तो परत येत नाही, त्याला लाज वाटते. कॉलेजात असतानाच हाताला एखादे काम लागले असते तर ही कोंडी इतकी घट्ट झाली नसती. ज्याला पूर्णवेळ कमवावेच लागते त्याच्यासाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याला कमी समजू नका.

आता कामाचे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याआधी प्रत्येक तालुक्यातून तीन-चार जणांनी, त्यात एक तरी बाई असावी, आपल्या भागातल्या कॉलेजांत जाऊन प्राचार्यांना भेटायचे आहे. कमवा व शिकाच्या जागा किती, तासाला दर काय, गेल्या वर्षीचे पैसे कोणत्या महिन्यात दिले आणि किती राहिले, हे विचारून लिहून आणायचे. वसतिगृहात किती खाटा रिकाम्या आहेत तेही विचारा. दर आणि तारीख फलकावर लावायला सांगा. पोरांना परीक्षेच्या महिन्यात कामातून सुट्टी आणि नंतर तीच जागा परत मिळेल, एवढे लेखी घ्या. पुढची बैठक मृगाच्या आधी आहे. येताना ही माहिती आणा, आणि ज्यांनी घरच्या मजुरीची वही सुरू केली असेल त्यांनी ती वही पण आणा. कुणाची किती झाली ते आपण इथे मोठ्याने वाचू.